जगबुडीच्या आधीचा साखरभात

“येत्या अवसेला जग बुडणार होऽऽ!”

दवंडी पिटली आणि सगळ्या शिंपलगडचं डोकं फिरलं. राजज्योतिषी विश्वंभरशास्त्र्यांना आभाळात शेंडेनक्षत्र, म्हणजे शेपटीचा तारा, दिसलं होतं म्हणे. आधी धरणीकंप होणार, मग समुद्र चढून येणार, आणि जे बुडेल ते जळून खाक होणार! बुडालेलं जळणार कसं, हे विचारायची छाती होती कुणाची? राजा चंडरावांनी एकदा मान डोलावली की ब्रह्मदेवाच्या बापालाही ती फिरवता यायची नाही.

झालं! शिंपी एकाच बाहीचे अंगरखे शिवायला लागला. “दुसरी घालायला वेळ कुठाय?” म्हणे. न्हाव्यानं गिऱ्हाइकांना अर्ध्या दाढीवर उठवलं. पंतोजींनी शाळा सोडून दिली, तशी पोरं म्हणाली, जग दरसाल बुडावं! आणि बंदराची कळा तर विचारूच नका. शिंपलगडचं मिरं सातासमुद्रापार जायचं. अरबी गलबतवाल्यांनी बातमी ऐकली आणि भर समुद्रातून शिडं फिरवली. इकडे मिऱ्याची पोती कुणी फुकट उचलेना, तिकडे मिरं सोन्याच्या भावानं! कुठल्याशा थंड मुलखातल्या राजाला मिऱ्यावाचून कालवण मिळमिळीत लागलं. त्यानं आचाऱ्याला हाकललं, आचाऱ्यानं नवं घोडं परत केलं, घोडेवाल्याचं दिवाळं वाजलं, आणि बघता बघता अर्ध्या जगाचे बाजार बसले! तारा बिचारा आपल्या वाटेनं चालला होता, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण चंडरावांना भूक लागली!

“मरायचंच आहे तर पोटभर जेवून मरू! घराघरातलं बियाण्याचं भात उचला, कांडा, आणि गावोगाव साखरभात घाला!”

आता बोला! मृग तोंडावर आलेला. कांडलेलं भात काही उगवत नाही. कोंडाजी शेतकऱ्याच्या दारात शिपाई कणगी मोजायला आले, तेव्हा तो कपाळाला हात लावून मटकन खाली बसला. त्याची लेक भिवरा मात्र पदर खोचून थेट दरबारात जाऊन उभी राहिली.

“महाराज, साखरभात झकास होईल. पण जग नाही बुडालं तर? पेरायचं काय, साखर?”

“बुडणार म्हणजे बुडणार!”

“पण समजा...”

“समजायचं नाही!” चंडराव गरजले. “माझ्या राज्यात असा एक तरी माणूस आहे का, ज्याला अवसेनंतरच्या वर्षांची खात्री आहे? एक दाखव! नुसता तोंडानं म्हणणारा नको हं, जिभेला हाड नसतं. पुढल्या वर्षांचा पक्का बंदोबस्त आजच करून बसलाय, असा माणूस हवा. उद्यापर्यंत आण, बियाणं सोडतो. नाहीतर परवा मुसळं सुरू!”

भिवरा गावभर हिंडली. कोळ्यांनी जाळी विकून टाकलेली. माळ्यानं रोपांना पाणी घालायचं सोडलेलं. सुतारानं बाजेला तीनच पाय लावलेले. पुढल्या वर्षाचं नाव काढलं की जो तो हात जोडायचा. पाय दुखले, रडू आलं, पण असा माणूस काही मिळेना.

“जाऊ दे, पोरी,” कोंडाजी म्हणाला. “राजाच्या नादी लागू नको. भलता तापट आहे तो.”

भिवरानं डोळे पुसले आणि बापाकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “आबा, उद्या ढवळी शेळी मला द्या.”

दुसऱ्या दिवशी भिवरा शेळीसकट दरबारात!

“माणूस कुठाय?” चंडरावांनी विचारलं.

“आहे, आहे. जरा दम धरा!” असं म्हणून तिनं दावं सोडलं. राजाचा जरीचा शेला सिंहासनावरून लोंबत होता. शेळीनं त्याचा पदर तोंडात धरला आणि विडा चघळावा तसा चघळायला लागली.

“अगं अगं अगं! माझ्या सासऱ्यांनी दिलेला शेला!”

“काय करणार, महाराज? गवतवाल्यांनी गवत कापायचं सोडलंय. आणि शेल्याचे तरी किती दिवस राहिलेत? खाऊ द्या की!”

“तोंड आवर!”

“तोंड आवरते. शेळी आवरत नाही!”

टर्रकन शेला फाटला. शिपाई खाली बघून हसले. चंडराव लालेलाल झाले.

“बारा वर्षं! हिला बारा वर्षं कैदेत टाका! एक दिवसाची सूट नाही! प्रधानजी, लिहा! मोहर उठवा!”

प्रधानांनी लिहिलं आणि दणकन मोहर उठवली. भिवरा मान वाकडी करून बघू लागली.

“नीट उठली का हो?”

“नीट उठली!”

“मग मिळाला की माणूस!”

“कुठाय?”

“हा काय, सिंहासनावर बसलाय! पुढल्या बारा वर्षांचा पक्का बंदोबस्त केलाय त्यानं, तोही मोहर उठवून! अवसेला जग बुडालं, तर महाराज, मला कैदेत ठेवणार कोण? बांगडे? आता तुम्हीच सांगा, खोटा शब्द कुणाचा? तुमचा की शास्त्रीबुवांचा?”

शास्त्रीबुवा पुटपुटले, “गणितात एखाद वेळी... हातचा राहतो...”

चंडरावांची मिशी थरथरली. मग पोट हललं. आणि मग ते असे हसत सुटले, असे हसत सुटले, की पगडी घरंगळून शेळीपुढे गेली!

“माझा शब्द खोटा? छट्! शास्त्रीबुवा, त्या ताऱ्याला सांगा, बारा वर्षांनी ये म्हणावं! प्रधानजी, ज्याचं बियाणं त्याला परत! आणि गलबतवाल्यांना निरोप धाडा, मिरं तयार आहे!”

“आणि माझी शिक्षा, महाराज?”

“शिक्षा कायम! बारा वर्षं राज्याच्या धान्यकोठारात राहायचं. कमरेला किल्ल्या लावून, कोठारप्रमुख म्हणून! पगार प्रधानजींएवढा!”

प्रधानजींना ठसका लागला.

“आणि ढवळीला?” भिवरानं विचारलं.

चंडरावांनी उरलेला अर्धा शेला उचलून शेळीच्या गळ्यात घातला.

“तिला जन्मठेप! माझ्या बागेत!”