न पाहिलेले फळ

फार वर्षांमागे डोंगराआडच्या एका राज्यात गावे पुष्कळ होती आणि वैद्य थोडे. म्हणून राजाने ठरवले, औषधी झाडांची चित्रे काढून घ्यायची आणि त्यांची एकेक पोथी गावोगावी पाठवायची.

हे काम एका चित्रकर्तीकडे आले. ती सकाळीच रानात जाई आणि झाडापाशी बसून राही. पानाची कड सरळ की करवतीसारखी, देठ गोल की चौकोनी, हे बोटांनी चाचपून मगच कुंचला उचली. दर चित्रात एक पान उलटे काढी, म्हणजे मागची बाजूही कळावी.

वर्षभरात शंभर चित्रे झाली. फक्त तापावरच्या शीतवेलीचे फळ तिला कुठेच दिसले नाही. तेवढी जागा तिने कोरी ठेवली आणि खाली लिहिले, ‘फळ मी पाहिलेले नाही.’

प्रधान वैतागला. “बाई, एक लाल फळ काढायला कितीसा वेळ लागतो? कोरी जागा वाईट दिसते.”

“दिसू दे, प्रधानजी. हे चित्र पाहून कोणीतरी काढा उकळणार आहे. मला ठाऊक नाही ते मी कसे काढू?”

राजालाही ते फारसे रुचले नाही. पण पोथ्या तशाच गेल्या.

त्या हिवाळ्यात सीमेवरच्या गावात एका सुईणीच्या नातीला ताप चढला. म्हातारी पोथी घेऊन रानात गेली. समोरच लाल फळांनी लगडलेली वेल होती. चित्रात फळ नव्हते, म्हणून तिने पान उलटून ताडून पाहिले. चित्रातल्या पानामागे लव होती, हे पान गुळगुळीत. तिने हात मागे घेतला. ती वेल विषारी होती.

ओढ्याकाठी तिला लवदार पानांची वेल सापडली. तिची फळे हिरवट, ज्वारीच्या दाण्याएवढी.

चौथ्या दिवशी नातीने उठून भाकरी मागितली.

म्हातारी फळांची डहाळी घेऊन दरबारात आली. तिची हकिगत ऐकून प्रधानाचा चेहरा पडला. “बाई, तुम्ही माझे ऐकून लाल फळ काढले असते, तर आजींनी ती विषारी वेलच उकळली असती.”

चित्रकर्तीने डहाळी पाण्यात ठेवली आणि म्हातारीला जवळ बसवले. “आजी, पिकल्यावर यांचा रंग बदलतो का?”

“ते नाही बाई पाहिलं मी.”

“मग पिकेपर्यंत थांबू आपण,” चित्रकर्ती म्हणाली, आणि दोघी हसल्या.

बोध : पाहिले तेवढेच दाखवावे; जे ठाऊक नाही, ते ठाऊक नाही म्हणून सांगणे हेही ज्ञानच आहे.