करवंदी नदीचा उतार

सह्याद्रीच्या कुशीत घोणसळ नावाचे एक लहानसे गाव आहे. डोंगरातून येणारी करवंदी नदी या गावाला वळसा घालून जाते. उन्हाळ्यात तिच्यातून गुरे चालत जातात, पण आषाढात ती घटकाभरात दुथडी भरते. तिच्याच काठी श्रीसोमगिरी महाराजांचा मठ होता.

गावात ठकूबाई नावाची सुईण होती. अडलेल्या बाईकडे जाण्याआधी ती महाराजांच्या चरणी डोके ठेवी. पैलतीरावरच्या वाडीचे रायाजी खोत तिला चारचौघांत हिणवीत, "राबतेस तू, आणि नाव त्या गोसाव्याचं करतेस!"

ठकूबाई शांतपणे म्हणे, "हात माझे हायेत खोत, बळ त्यांचं."

एका आषाढात खोतांच्याच सुनेला कळा सुरू झाल्या. मूल आडवे आले होते. दुपारपर्यंत सुनेला कण्हण्याचेही त्राण उरले नाही, आणि करवंदीला तर पूर आलेला. खोत पैलकाठावर येऊन हातवारे करू लागले. ठकूबाईने काय ते ओळखले.

लोक म्हणाले, "सकाळी म्हैस वाहून गेली. उतरू नकोस."

"दोन जीव अडलेत. मी इथं बसून काय करू?" असे म्हणून तिने महाराजांचे स्मरण केले आणि पाण्यात पाऊल टाकले.

मध्यावर पाणी छातीला लागले, पाय सुटला. तोच कुणीतरी तिचा दंड घट्ट धरला. "भिऊ नकोस, चल," असा ओळखीचा आवाज आला. मग पायाखाली खडक लागत गेला. काठावर पोचून तिने पाहिले, तर शेजारी कुणीच नव्हते!

ती तशीच ओलेत्याने खोतांच्या घरात गेली. कोरडे लुगडे नेसून तिने हळूहळू मूल वळवले. दिवस कलताना बाळाचे रडणे बाहेर ऐकू आले, तेव्हा खोत ओटीवर बसून पोरासारखे रडले. बाळ-बाळंतीण सुखरूप होती.

पुरात दंड धरणाऱ्या हाताबद्दल ठकूबाईने खोतांना सांगितले. दोन दिवसांनी पाणी ओसरताच खोत ठकूबाईबरोबर मठात आले; मागोमाग सारे गावही जमले. तिथे स्वयंपाक करणाऱ्या यमुनाक्का महाराजांची कफनी घासत होत्या.

"परवा दुपारी महाराज आत जपाला बसले होते," त्या म्हणाल्या. "दाराबाहेर आले नाहीत, पण उठले ते छातीपर्यंत भिजलेले. हा तांबडा गाळ अजून निघत नाही."

पागोटे काढून खोतांनी महाराजांच्या चरणांवर डोके ठेवले. "महाराज, मी नको ते बोललो."

महाराजांनी त्यांना उठवले. ते म्हणाले, "पुरात उतरली ती ही. नमस्कार हिला कर."

आणि रायाजी खोत सगळ्या गावादेखत सुईणीसमोर वाकले.