वर कोण आहे?

फार जुनी गोष्ट, पण तिथी पक्की आहे. मार्गशीर्ष वद्य तृतीया, दाट धुकं, बोचरी थंडी. बाभळीखाली सातभाई पक्ष्यांचा थवा पाचोळा उलटून किडे टिपत होता. त्यांची रीत अशी, की बाकीचे खाली चरतात तेव्हा एक जण फांदीवर पहारा देतो.

धाकटी चिंगी मात्र दोन दिवस उपाशीच बाभळीच्या काट्यांत दडून होती. परवा थोरल्याने नेहमीसारखं म्हटलं होतं, “कोणीतरी वर बसा रे.” मग सातही जण खाली उतरले, आणि शिक्र्याने चिंगीची शेपटी ओरबाडून नेली.

“ये गं, आज वाळवी ताजी आहे,” थोरल्याने हाक मारली.

“वर कोण आहे?”

“असेल की कोणीतरी.”

“शेपटी गेली, नखरे तेवढे उरले,” मधला पुटपुटला.

चिंगी जागची हलली नाही. “नाव सांग, दादा.”

थोरल्याने मान वर केली. फांदी रिकामी होती. चोचीतला किडा तिथेच टाकून तो उडाला आणि शेंड्यावर जाऊन बसला.

“वर मी आहे, चिंगे. तुझा दादा. उतर आता.”

चिंगी खाली आली. तिने अकरा किडे खाल्ले.