अनवाणी न्यायसभा

पूर्वी कांस्यवती नगरीत सुरेणू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या पदरी न्यायामात्य होते. तिथे एक जुना नियम होता. न्यायासनासमोर राजापासून रंकापर्यंत सर्वांनी अनवाणी उभे राहावे. आणि फिर्यादीने मागितले तर गुन्हा घडला तिथेच सभा भरवावी. सभागृहाची फरशी गार होती, आणि बाहेरची सभा कित्येक पिढ्यांत कोणी मागितली नव्हती.

एका वैशाखात नंदुत्तरा नावाची विधवा सभेत आली. "माझ्या धन्याला मारलं," ती म्हणाली. "सोणक नाव त्याचं. भट्ट्यांवर पाण्याची कावड वाहायचा. काल दुपारी डोकं फुटतंय म्हणून खाली बसला, तो उठलाच नाही."

"मारलं कोणी, बाई?" बोधिसत्त्वांनी विचारले.

"उन्हानं."

सभा हसली. काचमण्यांच्या भट्ट्यांचा अधिकारी काळक म्हणाला, "अमात्य, सूर्याला बेड्या घालायच्या तर शिडी आणू का?"

"हसा, दादा. उद्या ती कावड माझ्या खांद्यावर आहे. मला न्याय तिथं हवा, जिथं तो पडला. आणि आत्ता हवा."

नियम तो नियम. भर माध्यान्ही राजासह सारी सभा भट्ट्यांच्या वाटेवर अनवाणी उतरली. दहा पावलांत हसू विरले. पन्नासाव्या पावलाला काळक एका पायावरून दुसऱ्यावर नाचू लागला. बोधिसत्त्वांच्या तळव्यांना फोड आले. पण ते हादरले ते निराळ्याच गोष्टीने. लहानपणी याच वाटेने ते आचार्यांकडे अनवाणी जात, तेव्हा पाय कधी भाजले नव्हते. दोन्ही बाजूंना अर्जुन आणि जांभळी होत्या, त्यामागे अरण्य. आता नजर पोचेल तिथवर नुसते बुंधे होते, आणि प्रत्येकावर तोडीच्या परवान्याची मुद्रा डागलेली होती.

ते वाकले. मुद्रा त्यांचीच होती.

दहा वर्षे काळक परवाने आणी आणि ते सभागृहात बसून मुद्रा उमटवीत. अरण्य भट्ट्यांत गेले, पाऊस महिनाभर लांबला, वारा भाजू लागला. तेव्हाही ते म्हणत, 'यंदा उन्हाळा जरा कडकच.'

"सूर्य निर्दोष आहे," ते म्हणाले. "सोणकाला मी मारलं." त्यांनी मुद्रिका काढून धुळीत ठेवली. "महाराज, जगणं ही आपण प्रजेला दिलेली देणगी नव्हे. ते तिचंच आहे. भट्ट्या आज विझल्या पाहिजेत."

"आणि नगरीचं वैभव?" राजाने विचारले. तो आपल्या घडी घातलेल्या शेल्यावर उभा होता.

"शेल्यावरून उतरा, महाराज, आणि पुन्हा विचारा."

राजा उतरला. त्याने पुन्हा विचारले नाही.

त्याच दिवशी भट्ट्या विझल्या. बोधिसत्त्वांनी पद सोडले आणि सोणकाची कावड उचलली. मरेपर्यंत ते त्या वाटेवर रोपे लावून त्यांना पाणी घालत राहिले. नंदुत्तरा जगली. पण झाडाची सावली पडायला वीस वर्षे लागतात. मधल्या उन्हाळ्यांत माणसे पडतच राहिली.

भिक्षुसंघाला ही पूर्वजन्मीची कथा सांगून त्यांचे गुरू, शास्ता, म्हणाले, "काल तहानलेल्या वाटसरूला हसलेला हा भिक्षू दब्बक तेव्हा काळक होता. भिक्षू उग्रक सुरेणू राजा होता, भिक्षुणी सामा नंदुत्तरा होती. आणि तो अमात्य मी."

"आणि वाटेवर पडले ते?" सामेने विचारले.

"त्यांची नावं मी तेव्हा विचारली नाहीत," शास्ता म्हणाले. "म्हणून या कथेला करुणेची कथा म्हणू नका. करुणा दहा वर्षं आधी त्या वाटेनं चालत गेली असती. पाय भाजल्यावर जे उरलं, ते दोष कबूल करण्याचं सत्य."