निजलेलं भांडण

डोंगराखालच्या एका गावात एक भोळा नवरा होता. नाव गेनू. सांगितलेली गोष्ट तो कधी विसरत नसे. घरच्यांची अडचण तीच होती.

त्याची बायको यमुना सातवीपर्यंत शिकलेली. अंगावर पाच महिन्यांचं पोर, आणि डोक्यावर नणंदेचा, पारूचा गुरुवारचा साखरपुडा. नवरा मुलगा पलीकडच्या आळीतल्या केरबामामांचा. मामांचं आणि गेनूच्या वडिलांचं, आबांचं, बांधावरच्या फणसावरून भांडण होतं. बारा वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. यंदा कुठे ते मिटलं. पारूला दुसरा मुलगा नकोच होता. तेव्हा गुरुवारपर्यंत कुणी काही बिघडवू नये, एवढंच यमुनेला हवं होतं. कुणी म्हणजे गेनूने.

सोमवारी पोराला झोपवून ती पाण्याला निघाली. म्हणाली, "अहो, निजलेल्याला उठवू नका हं."

"नाही उठवत."

ती परत आली तर पोर झोपलेलं. पलीकडे आबाही घोरत होते. साखरपुड्याची साडी आणायला त्यांना दहाची एसटी धरायची होती. आता अकरा वाजले होते.

"अहो, आबांना उठवायचं नाही का?"

"निजले होते ना."

यमुनेला वाटलं, आपलंच सांगायचं चुकलं. ती म्हणाली, "ज्याला काम आहे, त्याला उठवावं."

"बरं."

मंगळवारी दीड तास थोपटल्यावर पोराचा डोळा लागला. ती पावलं न वाजवता चुलीपाशी गेली, तोच पोराने टाहो फोडला. गेनू त्याच्या कानाशी ताट बडवत होता.

"अहो, त्याला कसलं काम?"

"दूध प्यायचं. रडायचं. दिवसभर तेच तर करतो."

हे काही खोटं नव्हतं. यमुना म्हणाली, "यापुढे कुणाला उठवायच्या आधी शहाण्या माणसाला विचारा."

"तुला विचारू?"

तिने क्षणभर विचार केला. "नको. गुरुजींना विचारा."

गुरुवारी ओसरीवर सतरंजी अंथरली. पाहुणे यायच्या बेतात, आणि सतरंजीच्या मधोमध गावातलं लाल कुत्रं ताणून झोपलेलं. गेनू धावत शाळेत गेला.

"गुरुजी, कुत्रं निजलंय. उठवू का?"

गुरुजींना सहसा कुणी काही विचारत नसे. ते खुलले. "गेनू, निजलेलं कुत्रं निजू द्यावं, अशी इंग्रजांची एक म्हणच आहे. सहाशे वर्षं तरी त्यांच्या तोंडी असेल. पण त्यात कुत्रं म्हणजे कुत्रं नव्हे बरं का."

"मग?"

"कुत्रं म्हणजे जुनं भांडण. दोन घरांतलं. शांत झालंय ना, मग त्याला कुणी हात लावू नये."

गेनू थक्क झाला. आपल्या सतरंजीवर काय झोपलंय, ते त्याला आत्ता कळलं.

तो घरी पोचला तेव्हा केरबामामा काठी उगारून "हाड, हाड" करत होते. गेनूने काठी धरली.

"मामा, थांबा! ते कुत्रं नाही. ते तुमचं नि आबांचं भांडण आहे."



"अहो..." यमुना दारातून म्हणाली.

"हात लावू नका कुणी," गेनूने सगळ्यांना समजावलं. "फणसाचं भांडण आहे. आबा गावाला गेले असताना मामांनी अकरा फणस उतरवले होते ना, ते."

"अकरा?" आबा म्हणाले. "चौदा!"

"माझ्या झाडाचे मी उतरवले," मामा म्हणाले.

"तुझं झाड? मुळं कुणाच्या रानात रे?"

"नि फांद्या कुणाच्या रानात?"

पाच मिनिटांत पाहुण्यांनी वहाणा घातल्या. आणलेला नारळ आल्या वाटेने परत गेला. पारू आत हुंदके द्यायला लागली. तिचं ऐकून पोर उठलं, पोराचं ऐकून आळी गोळा झाली. यमुना उंबऱ्यावर बसून, आपण नेमकं कुठलं वाक्य बोलायला नको होतं, ते आठवत राहिली.

गेनू ओठांवर बोट ठेवून तिच्यापाशी आला. सतरंजीकडे मानेने खूण करून हळूच म्हणाला,

"तू घाबरू नकोस. एवढा आरडाओरडा झाला, पण भांडण काही जागं झालं नाही."