चाळीस जोरांची तक्रार

“दादाच्या छातीवर लोखंड आलं, तेव्हा तुम्ही कुठं होता?”

एकदा एका तरुणाने गावच्या व्यायामशाळेतील पगारी प्रशिक्षकाला हा प्रश्न विचारला. बाकावर उताणे निजून वजन उचलणाऱ्याच्या उशाशी प्रशिक्षकाने उभे राहावे, असा तिथला नियम होता. त्या सकाळी उशाशी कोणी नव्हते. तरुणाचा थोरला भाऊ दिगंबर गेला, आणि त्याचे तेरावे उरकायच्या आत प्रशिक्षक पुन्हा कामावर हजर झाला.

तरुण चौथीपर्यंत शिकलेला आणि डोक्याने तापट. त्याने आधी प्रशिक्षकाची गचांडी धरली, मग भिंतीवरचा मोठा आरसा फोडला. तेव्हापासून व्यायामशाळेच्या कार्यकारिणीत दिगंबरविषयी कोणी बोलेना. जो तो आरशाविषयीच बोलू लागला.

शेवटी तो गावातल्या वृद्ध वस्तादांकडे गेला.

“वस्ताद, मी त्याचे पाय मोडणार.”

“मोड की. पण आधी अंगणात जोर काढ. एका जोराला एक वाक्य. तुझी तक्रार काय ती सांग.”

“माझा भाऊ मेलाय आणि तुम्हाला व्यायाम सुचतोय?”

“तुला बोलायचंय ना? मग वाक.”

तो चिडूनच वाकला. पहिले दहा जोर शिव्यांत गेले. पुढच्या दहांत प्रशिक्षकाचे सारे खानदान आले, तो अध्यक्षांचा भाचा असल्याचेही आले. तिसाव्याला धाप लागली आणि वाक्ये आखूड झाली. पस्तिसाव्याला त्याला रडू फुटले.

“रड, पण थांबू नको,” वस्ताद म्हणाले.

चाळिसाव्यापाशी दंड थरथरत होते आणि तोंडातून एवढेच निघत होते : “सोमवारी. साडेसहाला. तो चहाच्या टपरीवर होता. दोघांनी पाहिलं. त्याला व्यायामशाळेतनं हलवा.”

वस्तादांनी त्याला हाताला धरून उठवले.

“तुझा राग खोटा नाही, बाळा. पण शिवी दिलीस की त्यांना शिवीवर बोलता येतं, आरसा फोडलास की आरशावर. दमलेल्या माणसाला फालतू बोलणं परवडत नाही. आता तुझ्या तोंडी जे उरलं, त्यातनं त्यांना पळवाट नाही. तेवढंच लिही. ज्यांनी पाहिलं त्यांची नावं घाल. आणि कागदाची पोच घेतल्याबिगर हलू नको.”

वाकड्यातिकड्या अक्षरांत त्याने तेवढेच लिहिले आणि कागद कार्यकारिणीपुढे ठेवला.

“आधी आरशाचं बोल,” अध्यक्ष म्हणाले.

“आरसा मी फोडला. चूक माझी. नवा मीच बसवून देतो. आता हे वाचा.”

कागद जेमतेम पाच ओळींचा होता. अध्यक्षांनी तो वाचून घडी घालून बाजूला ठेवला.

“बघू पुढच्या बैठकीत.”

“पोच द्या.”

शिक्का मारून पोच मिळाली.

“आणि बैठकीपर्यंत उशाशी हाच उभा राहणार?”

“तोवर दुसरा कुठनं आणू?”

“मग तोवर तिथं कोणी निजणार नाही.”

दुसऱ्या सकाळी दार उघडताच तो आत गेला आणि त्या बाकावर बसून राहिला. मग रोजच बसू लागला.

“पोलिसांना बोलावू का?” प्रशिक्षकाने दरडावले.

“बोलवा. त्यांनाही कागद दाखवतो.” त्याचा आवाज चढला नाही.

तिसऱ्या दिवशी वस्ताद येऊन बघून गेले. “हे काही मी शिकवलं नव्हतं.”

“नाही, वस्ताद. हे माझं.”

वस्तादांनी मान डोलावली आणि ते परतले.

पुढच्या बैठकीत प्रशिक्षकाला काढण्याचा ठराव झाला. प्रशिक्षक आपली पिशवी उचलून, कोणाकडे न बघता निघून गेला. तरुणाने त्याला काही विचारले नाही. नवा माणूस येऊन उशाशी उभा राहीपर्यंत तो बसून राहिला. मग उठला, खांद्यावरच्या पंच्याने बाकाची गादी नीट पुसली, आणि खोळंबलेल्या मंडळींना वाट करून दिली.