दचक्यांचे मोती

एका राज्यात एका सकाळी फडताळावरची तांब्याची घागर खाली पडली. असा दणका झाला की परसातली कबुतरं उडाली, अंगणातली म्हैस दावं तोडू लागली, आणि इंदुलेखा तर अशी उडाली की तिच्या हातची तेलाची वाटी थेट मांजराच्या अंगावर.

"आमची दचकी!" तिची थोरली बहीण मंजिरा पोट धरून हसली. "राजविद्यालयात वैद्यक शिकून आली, पण पान हललं तरी जीव घाबरा!"

इंदुलेखा हसली नाही. तिची नजर पाळण्यावर खिळली होती. पाळण्यात ताईची तान्ही लेक पिंगा स्वस्थ पडली होती. ना दचकली, ना रडली. खुळखुळा वाजवला की मान वळवायची, म्हणजे कान शाबूत. मग हे काय?

"ताई, तान्हं बाळ दचकतं गं. दचकतं नि दोन्ही हात पसरून आईला धरू पाहतं. हिने बोटही हलवलं नाही."

"बरंच झालं! घराला एक दचकी पुरे."

गोष्ट अशी होती. मागे शत्रू चालून आला तेव्हा राजा रणधवलाचं सैन्य पाठ दाखवून पळालं. राजा लाजला, संतापला, म्हणाला, "माझ्या राज्यात यापुढे भित्रं मूल जन्मायचं नाही." मग मांत्रिक धूम्रकेशाने अभयरस काढला. पोटातल्या बाळाची भीती तो रस शोषून घेई. त्या भीतीचा निळा मोती होई, आणि मोती मांत्रिकाच्या गुहेत जाऊन पडे. डोहाळेजेवणाला राजवाड्यातून थाट येई: फुलांचे दागिने, पक्वान्नांची ताटं आणि झाकलेल्या दोन वाट्या. पूर्वी एकीत पेढा असे, एकीत बर्फी. गर्भारशीने एक उघडायची आणि मुलगा की मुलगी म्हणून बायकांनी हसायचं. आता दोन्ही वाट्यांत अभयरसच. बायका हौसेने निवडत, आणि निवडण्याजोगं काही नसे.

पिंगा मोठी होऊन चालू-बोलू लागली. तिने चुलीतला निखारा उचलला, हात पोळला, रडली, आणि पुन्हा तोच उचलला. विहिरीच्या काठावर ती फुगडी घाली. हाक मारली तर ओ नाही. मागे धावलं तर तिला खेळ वाटे, आणखीच पळे. गल्लीतली सगळी चिमुरडी तशीच. एक दिवस तांबटाचं लेकरू हसत हसत नदीत शिरलं, ते परतलं नाही. त्या रात्री मंजिराच्या घरातही कुणी जेवलं नाही.

सकाळी इंदुलेखा माळावर जाऊन रडली. तेवढ्यात कानाशी "टिटिव्-टी!" झालं, आणि ती हातभर उडाली.

"छान दचकलीस," समोरची टिटवी म्हणाली. "आमच्या कुळातली शोभतेस. रडू नको. मोती परत आणता येतात. वाटेत तीन गोष्टी आहेत: निःशब्द रान, थरथरता पूल आणि मांत्रिकाचा प्रश्न. राजाचे वीर गेले होते, कुणी आलं नाही."

"वीर आले नाहीत, तिथे मी?"

"म्हणून तर तू."

इंदुलेखेने पदर खोचला. निघाली.

निःशब्द रानातले वाघ पावलांचा आवाज करीत नसत. शूर माणसं छाती काढून चालत, आणि वाघ मागून झडप घाली. इंदुलेखा चालली ती दर पावलाला वळून बघत. गवत हललं, ती उडाली. सावली सरकली, ती झाडावर चढली. तीनदा वाघाने झेप घेतली, तीनदा त्याच्या पंजात नुसतं गवत आलं. शेवटी वाघ दमून बसला. "बाई, तू जा," तो म्हणाला. "तुझ्यामागे फिरून मला धाप लागली."

पुढे दरी, दरीवर थरथरता पूल. जो ठाम पाऊल टाकी त्याला तो झटकून देई. इंदुलेखेचे गुडघे असे लटलटत होते की पूल डावीकडे गेला तर तीही डावीकडे, पूल वर तर तीही वर. पुलाला वाटलं, आपल्यावर कुणीच नाही. पलीकडे पोचल्यावर तिला आनंदाने ओरडावंसं वाटलं. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि मनातल्या मनात नाचून घेतलं.

गुहेत छतापासून जमिनीपर्यंत निळे मोती लटकत होते. मधोमध मांत्रिक धूम्रकेश बसला होता.

"थांब. माझ्या रसाने जन्मांध होणारी बाळं डोळस झाली. कुबडी होणारी ताठ झाली. तेव्हा राज्याने मला ओवाळलं. मग या एका रसाचाच राग का?"

"त्या रसांना माझाही नमस्कार. तो आजार होता. भीती आजार नाही."

"नाही? तुझे हात बघ. जन्मभर तुला तिने छळलं. हा पेला घे. आत्ता, या क्षणी, तुझी भीती जाईल. घेतेस? हाच माझा प्रश्न."

पेला समोर होता. इंदुलेखेला तो हवासा वाटला, खोटं कशाला बोला! रात्रीची शांत झोप, भर सभेत न अडखळणारा आवाज. तिने हात पुढे केला. मग मागे घेतला.

"मोह होतोय. पण महाराज, तुम्ही मला विचारलंत. हो की नाही म्हणायला मला जीभ आहे. पिंगेला कुणी विचारलं?"

"पोटातल्या बाळाला कसं विचारणार?"

"मग तिला बोलता येईपर्यंत थांबायचं होतं. तिच्या लेकरांना तरी भीती असेल का?"

मांत्रिकाची मान खाली गेली. "नसेल. त्यांच्याही लेकरांना नसेल. इतका पुढचा विचार मी केला नाही. राजा घाईत होता, आणि मी माझ्या विद्येवर खूश होतो."

त्याने सगळे मोती उतरवून झोळीत भरले. "मीही येतो. पण ऐक. मोती बळाने गिळवलास तर त्याची गारगोटी होईल. ज्याचा त्याने, आपखुशीने हाकेला ओ दिली तरच तो विरघळेल. पहिली ओ आली की माझ्या मंत्राची गाठ सुटेल, मग प्रत्येक आईची हाक तिच्या लेकरापर्यंत पोचेल."

दोघं दरबारात उभे राहिले. इंदुलेखेचा आवाज कापत होता, तरी तिने सगळं सांगितलं.

राजा गरजला, "प्रजेचं भलं कशात आहे ते मी ठरवतो!"

"उद्याची प्रजा अजून जन्मलीही नाही, महाराज. तिचं तिला काही ठरवायला शिल्लक ठेवा."

इतक्यात दासी धावत आली. "घात झाला! पोरं तटाच्या बुरुजावर चढली, पार कडेला! पुढे आपले धाकटे राजपुत्र, आणि वैद्यबाईंची भाची पिंगा!"

सारा दरबार धावला. बुरुजाच्या अरुंद कडेवर लेकरं एका पायावर लंगडी घालत होती. खाली खंदक. वर जावं तर ती खेळ समजून पुढे पळणार. मांत्रिकाने आयांच्या हाती ज्याचे त्याचे मोती दिले. आयांनी टाहो फोडला, "खाली ये मेल्या!" "ये ना रे राजा!" राजा रणधवलाने मुकुट फेकला आणि हाकेवर हाक घातली. एकाही लेकराने मागे पाहिलं नाही.

राजा गुडघ्यांवर बसला. "बाई, मी चुकलो. यापुढे माझ्या राज्यात झाकलेली वाटी बंद. मांत्रिकाने आजार बरे करावेत, पण ज्याला बोलता येत नाही त्याचा स्वभाव कुणी बदलायचा नाही, राजानेसुद्धा. पण माझं लेकरू वाचव."

मंजिराने पिंगेचा मोती बहिणीच्या हातात ठेवला. सगळे हुकूम सोडतायत, इंदुलेखेला वाटलं. विचारत कुणीच नाही.

"पिंगाऽ! आधी भातुकलीला बसतेस तशी बस बरं. उभ्याने नको."

खेळच वाटला तिला. पिंगा बसली.

"माझ्या हातात तुझी एक वस्तू आहे, बाळा. तुला न विचारता काढून घेतली होती. काही फार छान नाही हं ती. पोटात गोळा येतो, घसा सुकतो. मला तर रोज येतो! पण तीच मला वाघांतून घेऊन आली. तुझी आहे. हवी तर ओ दे. नको असली तर नको. तरी मी इथेच हात पसरून उभी राहीन, जन्मभर."

बुरुजावर वारा वाहत राहिला. मग मुठीतला मोती कोमट झाला, ओला झाला, बोटांतून निथळला, आणि वरून एक बारीक, कापरा आवाज आला:

"ओऽ मावशी! हे किती उंच आहे गं! ये ना लवकर, धर मला!"